पावडर उद्यापासून

१ मे १९५३, शुक्रवार

सीझन सुरू. पनवेल स्टँडवर उतरणारा माणूस पुण्याला जावो, अलिबागला जावो की महाडला, त्याचा घसा कोरडा पडलेला असतो. आमचा सोड्याचा कारखाना या एका तत्त्वावर उभा आहे. यंदाचे संकल्प: पाचला उठणे, दुसरं गॅसचं मशीन घेणे, रोजनिशी लिहिणे. आज सातला उठलो. मशीनचं पत्र लिहायचं राहिलं. रोजनिशी मात्र लिहिली.

४ मे, सोमवार

बंदराच्या बाजूला पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, दोन केसेस. म्युनिसिपालिटीने उसाची गुऱ्हाळं, बर्फ, कापलेली फळं, उघडं सरबत, सगळं बंद केलं. सोडा चालू. अट एवढीच, की आपल्या विहिरीत सोमवारी आणि गुरुवारी ब्लीचिंग पावडर टाकायची आणि रजिस्टरवर सही करायची. त्यांचा इन्स्पेक्टर पावडर टाकायला माणूस पाठवणार होता. मी म्हटलं, कशाला, मी स्वतः टाकतो. म्हणाला, "तुम्ही शिकलेले, तुमच्यावर सोडतो." बरं वाटलं. सही केली. पावडरीची दोन पोती शेडमध्ये. म्युनिसिपालिटीचं सर्टिफिकेट काउंटरच्या मागे लावलं. जरा वाकडं बसलंय.

५ मे, मंगळवार

एका बादलीत चिमूटभर पावडर घालून ट्रायल घेतली. लेमन सोड्याला दवाखान्याचा वास. पुण्याच्या एका गृहस्थांनी घोट भरला, आणि माझ्याच पायरीवर थुंकले. धंद्याचं नाव एकदा गेलं की गेलं. शिवाय गॅसने जंतू मरतात. कुठेतरी वाचलंय. पावडर उद्यापासून.

८ मे, शुक्रवार

विक्री दुप्पट. समोरचा रसवाला दादू बंद गुऱ्हाळापाशी बसून माझं गिऱ्हाईक बघत होता. शेवटी उठून आला. "शेठ, बैल बसून खातोय आणि मी उपाशी बसलोय. बैलाला काय काम असलं तर सांगा, माझं नंतर बघू." मी त्याला धीर धरायला सांगितलं. नियम सर्वांना सारखे, हेही सांगितलं. त्याने सर्टिफिकेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक बाटली फुकट दिली. प्यायला नाही, बायकोसाठी घेऊन गेला.

१० मे, रविवार

तुळशीरामच्या मुलीच्या लग्नाला गेलो. तुळशीराम नऊ वर्षं आमच्या पेट्या बैलगाडीने पोचवतो. त्याचं गाव मिठागराला लागून, विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून पाहुण्यांना फक्त आमचा सोडा. बारा पेट्या. नवरी मालू हळदीने पिवळीधमक झालेली, स्वतः बाटली घेऊन आली. म्हणाली, "काका, तुमचाच सोडा तुमाला देते. पैसं नाय घेनार." सगळे हसले. मीही हसलो. बाटली हातात धरून बसलो. पोट जड होतं म्हणून प्यायलो नाही. दुसरं काही कारण नाही.

१४ मे, गुरुवार

तुळशीराम तीन दिवस आला नाही. लग्नाचा शीण असणार. रजिस्टरवर सोमवारची आणि आजची सही केली. पावडर उद्या नक्की.

१६ मे, शनिवार

तुळशीरामच्या गावात अकरा माणसं आजारी. मटण शिळं असणार. सौ.ने पोळी वाढता वाढता विचारलं, "अहो, आपल्या विहिरीत पावडर टाकता ना?" मी म्हटलं, सही केलीय. ती म्हणाली, "मी सहीचं नाही विचारलं." दहा-बारा दिवस ती घरचं पाणी दोनदा उकळतेय. मी तेच पितो, तिच्या समाधानासाठी.

१७ मे, रविवार

मटण नसेल. सुकी मासळी असेल.

१८ मे, सोमवार

ऊन फार आहे. उन्हानेही होतं. सही केली.

दुपारी जेवताना भाताला पावडरीचा वास आला. सौ.ला वास घ्यायला लावला. म्हणाली, आंबेमोहराचा वास आहे. शेडमध्ये जाऊन बघितलं, दोन्ही पोती शिवलेली, जशीच्या तशी. हात न लावलेल्या पोत्याचा वास घरात येईलच कसा? मिशा साबणाने धुतल्या.

२० मे, बुधवार

मालू गेली. लग्नाला दहा दिवस झाले. मांडवपरतणीला माहेरी आली होती.

म्युनिसिपालिटीचा शिपाई सांगत होता, काल त्यांच्या गावच्या विहिरीत सरकारी माणसांनी पावडर टाकली, आणि आज पहाटे ही गेली. आधी टाकायला हवी होती, असं तो म्हणाला. मी म्हटलं, हो, लोक फार हलगर्जी करतात.

दुसरं मशीन यंदा नको.

२१ मे, गुरुवार

सही केली नाही. इन्स्पेक्टर आला तेव्हा म्हणाला, "विसरलात वाटतं." मी सही केली.

२३ मे, शनिवार

सकाळी दहाला रस्त्यावर ढोल. तुळशीरामच्या गावाने मरीआईचा गाडा काढला. हातभर उंचीची लाकडी गाडी, तिच्यावर लिंबं, हिरव्या बांगड्या, खण. ती गावाच्या हद्दीबाहेर नेऊन सोडली की रोग तिच्याबरोबर जातो, असं ते मानतात. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी दुकानाची फळी ओढून घेतली आणि फटीतून बघत राहिलो. गाडा सरळ माझ्या दाराशी येत होता. वाटलं, यांना कळलं. गॅसचं मशीन धरून उभा राहिलो.

पुढून तुळशीराम चालत होता. डोकं भादरलेलं. त्याने हात वर केला आणि ओरडला, "बाजूनं घ्या रं. शेठचं दार हाय. चांगल्या मानसाच्या दारावरनं न्यायचा नाय." गाडा रस्ता सोडून खड्ड्यातून वळला आणि पुढे गेला. एक बांगडी पडली, ती कोणी उचलली नाही.

संध्याकाळपर्यंत चाकांची वळणाची खूण धुळीत होती. सौ.ला झाडून घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हीच झाडा.

२५ मे, सोमवार

पाचला जाग आली. गजर न लावता.

दोन्ही पोती उसवली आणि विहिरीत ओतली. एवढी लागत नाही, माहीत आहे. पाणी दुधासारखं झालं. डोळे चुरचुरले. आजची सही मात्र अगदी खरी. मन हलकं व्हायला हवं होतं.

शेडमध्ये आधी भरलेल्या चौदा पेट्या आहेत. त्या विकायच्या नाहीत. उद्या फोडून टाकायच्या.

२६ मे, मंगळवार

चौदा पेट्या म्हणजे थोडथोडक्या बाटल्या नाहीत. फोडण्यापेक्षा ओतून द्याव्यात, काच वाचेल. त्याला माणूस लागेल. उद्या बघू. नवा सोडा एकही गिऱ्हाईक पुरा पीत नाही.

२७ मे, बुधवार. दुपारी तीन.

तुळशीराम आला. गाडी बाहेर सोडली. मी खुर्ची दिली, तो नेहमीसारखा पायरीवर बसला. हौसा, त्याची बायको, कालपासून उलट्या करतेय. तिच्यासाठी सोड्याच्या पेट्या न्यायला आला होता.

म्हणाला, "शेठ, सरकारनं समदी दुकानं बंद केली, येक तुमचं ठेवलं. तवाच समजलो, तुमचंच पानी साफ हाय. मालू पानी मागायची. मी पानी दिलं नाय, शेवटपतूर सोडाच पाजला. आमी काय कमी केलं नाय."

मी नवी पेटी पुढे केली. त्याने एक बाटली फोडली, हुंगली आणि खाली ठेवली. "ह्याला औषिदाचा वास मारतोय. ते मागचं द्या."

मागचं चांगलं नाही, असं मी म्हटलं. का, म्हणाला. तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं. पावडर टाकायची होती, सही केली होती, पण टाकली नव्हती. लग्नाच्या बारा पेट्यांतही नव्हती. माझा आवाज नीट निघत होता, याचं मला आश्चर्य वाटलं.

तो उठून माझ्या जवळ आला.

"पावडर नाय ना ह्याच्यात?"

नाही, म्हटलं.

"मंग हेच द्या. आमच्या हिरीत पावडर टाकली आन् दुसऱ्या दिशी माझी पोर गेली. तुमी नाय टाकलीत, शेठ. तुमाला आमची काळजी." एवढं बोलून तो माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरकलो.

पावडरीने माणूस मरत नाही, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "तुमी शिकलेले, तुमाला वाटत असंल." दुखवट्यातल्या माणसाशी वाद घालणं बरं दिसत नाही. हौसाला दवाखान्यात ने, एवढं सांगितलं. हो म्हणाला. त्याने शेडमधून चार पेट्या आणून गाडीत चढवल्या. तिसरी जड होती, एका बाजूने मी धरली.

गाडी गेली. इथे नोंद करून ठेवतो: मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. दोनदा.