तासातासाचे खांब

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

मीटर बदलून गेले एकदाचे! विचारलं नाही, सांगितलं नाही. मी पोलादपूरला ऑफिसात, घरी पप्पा एकटे, नाकात ऑक्सिजनची नळी. दोन माणसं आली, लाईट घालवली, नवीन डबा ठोकला, सही घेतली, गेली. तेवढा वेळ पप्पांची मशीन बंद! शेजारच्या आवडीकाकू धावत आल्या म्हणून बरं. पुठ्ठ्याने वारा घालत बसल्या बिचाऱ्या. पप्पा म्हणतात, 'काय नाय गो झालं. खिडकीत बसलो व्हतो.' काय नाय म्हणे! घाम अजून सुकला नव्हता.

भांडायचं तरी कुणाशी? ती माणसं कंत्राटी, मीही कंत्राटी.

११ ऑक्टोबर

सगळ्या आळीला एकच विषय. कुणी म्हणतं हा मीटर घोड्यासारखा पळतो, कुणी म्हणतं फोनवर बघून बघून बिल निम्म्यावर येतं. ज्याला त्याला चुलतभावाचा अनुभव आहे. स्वतःचा कुणालाच नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

ॲप चालू झालं! मानलं बुवा. तासातासाचे निळे खांब दिसतात — कोणत्या तासाला किती वीज खाल्ली ते. सकाळी सहाचा खांब ताडासारखा, तो माझा गीझर. दिवसा नऊ ते पाच वीज जरा स्वस्त, असंही लिहिलंय. आणि महिन्याला तीनशे युनिटच्या वर गेलं की दर उडी मारतो. आपण दर महिन्याला वरच! म्हणून तर बिल एवढं फुगतं.

पप्पांना दाखवलं तर चष्मा लावून अर्धा तास फोन सोडेनात. जन्मभर कारखान्यात बॉयलरवर होते, काटे बघायची सवय. त्या कारखान्यानेच छाती खाल्ली. आता दिवसरात्र मशीन लावायचीच, डॉक्टरांनी बजावलंय. पण काटे दिसले की अजून डोळे चमकतात.

मी विचारलं, 'कारखान्यात लोड कमी करायचा झाला तर काय करायचात?'

'बारीकसारीक बंद करून काय नाय व्हत,' म्हणाले. 'सगल्यात मोठी मशीन आधी उतरवायची.'

वा! मग गीझरपासूनच सुरुवात.

२४ ऑक्टोबर

गीझर बंद. सकाळी चुलीवर पाणी — म्हणजे गॅसवर. म्हणजे पैसे या खिशातून त्या खिशात! हे आंघोळ करताना सुचलं. तरी खांब छोटा झालेला बघून बरं वाटलं. माणूस मूर्ख असतो.

२ नोव्हेंबर

पप्पांशी वाजलं. काल दुपारी टीव्ही चालू ठेवून झोपले होते. मी फोन दाखवून बोलले, 'हे बघा, दुपारी दोन ते चार! कोण बघत होतं टीव्ही? नळी?' पप्पा हसले. मग खोकला आला, मग हसू गेलं. मी टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद केलं आणि वर लेक्चरही दिलं — तीनशेच्या आत राहिलो तर किती फरक पडतो, वगैरे. मास्तरीण व्हायला हवं होतं मी.

९ नोव्हेंबर

खांब घसरतायत. मोजके दिवे, टीव्ही संध्याकाळीच, गीझर नाही. एवढ्याने इतका फरक? परवा ऑफिसात सुप्रियाला दाखवलं. ती म्हणाली, 'तू तर क्लासच काढ.' फुगले मी.

१५ नोव्हेंबर

थंडी पडली. पप्पांचे पाय सुजल्यासारखे वाटतात. म्हणतात बसून बसून होतं. रात्री तेल लावलं.

२१ नोव्हेंबर

बिल आलं — तीनशेच्या खाली! पहिल्यांदा!! येताना पाव किलो बर्फी आणली. आवडीकाकूंना दिली, खाली दिली, पप्पांच्या हातात दोन ठेवल्या. त्यांनी एकच खाल्ली, चावायला दम लागत होता. पण चेहरा असा की कारखान्याने बक्षीस दिलंय. 'तुला बरा वाटला ना?' दोनदा विचारलं. मी म्हटलं, 'बरं काय, मस्त वाटलं!'

३ डिसेंबर, बुधवार

लिहिते. नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी साहेब बाहेर गेलेले, म्हणून फोन उघडला. आठवड्याचे खांब शेजारी शेजारी लावून बघितले. सकाळी दहापर्यंत ठीक. मग अकरा ते चार — जमिनीला चिकटलेले. नुसता फ्रिज. रोज! मशीनचा खांब कुठे आहे?

आधी वाटलं लाईट गेली असेल. आवडीकाकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, 'लाईट हाय की. मशीन तर रोज बंदच असते गो या टायमाला. तुझे पप्पाच बोलले, ती गरम व्हते, तिला आराम लागतो. तुला नाय म्हाईत?'

मला नाय म्हाईत. मी फोनवर खांब बघत होते ना!

एसटीची वाट बघवेना, मिळेल त्या टमटमने महाड गाठलं. दार उघडंच होतं. पप्पा खिडकीपाशी खुर्चीत, गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून. ओठ जांभळे. नळी गुंडाळून मशीनवर नीट ठेवलेली. मला बघून दचकले, चोरी पकडल्यासारखे उठायला गेले.

मी मशीन लावली, नळी नाकात घातली आणि ओरडले. तोंडातून पहिलं काय निघावं? 'आणि तेही दिवसा! दिवसा तर वीज स्वस्त असते!'

हे मी बोलले. माझ्या बापाला. जीभ का झडली नाही?

मग ते बोलले. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. 'तूच बोललीस ना, तीनशेच्या आत. घरात सगल्यात मोठी मशीन माझीच हाय. ती आधी उतरवली.' आणि मग, 'तू घरी यायच्या आत लावायचो परत. तुला तरास नको.'

बर्फी वाटली मी. त्यांच्या श्वासाची बर्फी. आळीभर.

४ डिसेंबर

डॉक्टर. महिनाभर ऑक्सिजन कमी पडलाय, हृदयावर ताण आलाय, पायांची सूज त्याचीच. इंजेक्शन, गोळ्या. कसं झालं विचारलं, मी सगळं सांगितलं. ते लिहीत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

६ डिसेंबर

पप्पा चैत्यभूमीला गेले नाहीत, असं पहिलंच वर्ष. टीव्ही दिवसभर चालू ठेवला. मुद्दाम.

९ डिसेंबर

गीझर चालू. सगळं चालू. बिल गेलं खड्ड्यात! पप्पांना शपथ घातली — आईची — मशीन बंद करणार नाहीत म्हणून. 'बरां' म्हणाले. एवढंच. मला त्यांच्या 'बरां'चा भरवसा राहिला नाही, म्हणून आवडीकाकूंनाही दुपारी डोकावायला सांगितलंय.

ॲप काढून टाकणार होते. नाही काढलं. आता ते वेगळ्याच कामाला आलंय. तास संपला की अर्ध्या-पाऊण तासाने त्याचा खांब उमटतो. मशीन चालू असेल तर एवढा उंच, बंद असेल तर जमिनीवर. इथे पोलादपुरात बसून मला कळतं, महाडात पप्पांना हवा मिळतेय. यासाठी तरी हा डबा बसला म्हणायचा. सुप्रिया विचारते, 'अजून बचत चाललीय वाटतं?' मी हो म्हणते. काय सांगू तिला?

१३ डिसेंबर

सूज उतरली थोडी. नाचणीची अर्धी भाकरी खाल्ली. मी ऑफिसला निघाले तर नळीआडून म्हणतात, 'साहेब, लोड चेक करा हां!' चिडवतात मला! किती दिवसांनी. जिन्यात उभी राहून रडले आणि मग एसटी चुकली.

१६ डिसेंबर

रात्री दोघं बसून शेंगा खाल्ल्या. कधी नव्हे ते आईबद्दल बोलले — तुडीलच्या नदीवर ती पहिल्यांदा दिसली तेव्हाचं. मला अर्धं माहीतच नव्हतं. दम लागला तसे थांबले. म्हणाले, 'बाकीचा उद्या.' उद्या मात्र मला ऑफिसातून यायला उशीर झाला, ते झोपलेले. (हे सतराला लिहितेय.)

१८ डिसेंबर, गुरुवार

ऑफिसातच लिहितेय, मन निवांत आहे म्हणून. अकरा, बारा, एक, दोन, तीन — सगळे खांब जागेवर, एकसारखे. शहाण्यासारखी मशीन लावून बसलेत. आज उशिरापर्यंत थांबून साठलेलं सगळं उरकून टाकते, म्हणजे शनिवारी त्यांच्यापाशी दिवसभर.

१९ जानेवारी २०२६

बिल आलं. शंभरच्या आत. ॲपवर हिरवं पान, आणि खाली — 'अभिनंदन! आपण उत्तम बचत केली आहे.'

त्या गुरुवारी आवडीकाकूंनी दारातून मशीनचा आवाज ऐकला, झोपलेत समजून परत गेल्या. मी सात वाजता पोचले तेव्हाही ती चालूच होती. डॉक्टर म्हणाले, पप्पा सकाळीच गेले असणार.