समक्ष भेट दिली असता

॥ श्री ॥
शिरजू बेट,
रविवार, ११ ऑगस्ट २०२४

चि. हरेश्वर यास हंसाताईचे मनापासून आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. आणि इथे धक्क्यावर जाऊन उभं राहिल्याशिवाय आवाज येत नाही, तिथे चार जण कान लावून असतात. म्हणून कागदच बरा. अल्पेश उद्या होडी घेऊन पलीकडे जाईल तेव्हा पेटीत टाकेल.

आम्ही बरे आहोत. लावणी आटपली. तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतो, पण बांधावर गेल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. तुझं पोट सुटलंय असं रचना म्हणत होती. तिला म्हणावं, ऑफिसच्या वड्यांवर पहारा ठेव.

आता मुद्द्याचं. आपल्या दवाखान्याला जूनपासून कुलूप आहे. सालोमी नर्सबाईंना पलीकडच्या केंद्रात नेलं. अकरा वर्षं त्या इथल्या दोन खोल्यांत राहिल्या. कुणाच्या पोराला कधीची लस हे त्यांना तोंडपाठ. आता साधा ताप आला तरी होडी शोधा, आणि होडीसाठी भरती शोधा. पंचायतीच्या फळ्यावर जे पत्र लागलंय त्यात लिहिलंय की तपासणीसाठी फेब्रुवारीत बेटावर समक्ष भेट दिली असता रुग्णसंख्या नगण्य आढळली. भेट दिली कुणी? बेटावर दीडशे घरं. परकं कुत्रं उतरलं तरी दिवस मावळायच्या आत सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारची सुभद्राकाकी म्हणते, साहेब पान्याखालून चालत आले असतील.

तू आरोग्याच्या ऑफिसात आहेस. पांडुरंगकाका सगळ्यांना सांगत सुटलेत की आपला हरेश तिथे बसलाय, तो मुळाशी जाईल. त्यांच्या घरात काळजी आहे. त्यांच्या पियुषची बायको रिद्धी सातव्या महिन्यात आहे, पहिलटकरीण. एवढं बघ.

गणपतीला या. मनालीला दोन वर्षं पाहिलं नाही.

माया आहे तशीच आहे, तुझ्याकडूनही तेवढीच असू दे.
तुझी ताई,
हंसा


फुलपाडा, विरार पूर्व,
२३ ऑगस्ट २०२४

ती. हंसाताईस हरेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. सर्वांची खुशाली वाचून समाधान वाटले. इकडे सर्व ठीक आहे.

उपकेंद्राबाबत कळविले ते समजले. सदर निर्णय वरून झालेला आहे. असे निर्णय अनेक बाबींचा विचार करून होतात, त्यात कुणा एकाचा हात नसतो. फाइल माझ्या टेबलावर नाही. पांडुरंगकाकांना सांग, चारचौघांत माझे नाव घेऊ नका, नोकरीत अडचण येते.

रिद्धीला आठवा लागताच आमच्याकडे आणून ठेवा. रचनाची हरकत नाही.

गणपतीत ऑफिसचे काम निघाले आहे, त्यामुळे येणे होणार नाही. राग मानू नये.

लोभ ठेवावा.
तुझा,
हरेश्वर


शिरजू,
१८ सप्टेंबर २०२४

चि. हरेश्वर यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी भावोजींना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, हे ऑफिसने पाठवलंय की हरेशने? मी हसून सोडून दिलं. आज हसायचं बळ नाही.

गौरीपूजनाच्या दिवशी, अकरा तारखेला, सकाळी रिद्धीला कळा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी तिला तुमच्याकडे आणायचं ठरलं होतं, पिशवी भरून ठेवलेली. अल्पेशने होडी काढली तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. पियुष, सुभद्राकाकी आणि मी बसलो. निम्म्या खाडीत होडी चिखलात रुतली. पियुष आणि अल्पेश उतरून ढकलत होते, मांडीपर्यंत आत जात होते, होडी हलेना. वर ऊन, खाली चिखल. काकी ओरडत होती, पानी गेला, पानी गेला. काकीने आणि मी गौरीसाठी नेसलेल्या साड्या सोडून सावली धरली. सांगायला लाज वाटते, दोघी परकरावर उभ्या होतो.

पियुषने सालोमीबाईंना फोन लावला. त्या केंद्रातून निघाल्या आणि पलीकडच्या धक्क्यावरून चिखलात उतरल्या. पंचावन्न वर्षांची बाई, पिशवी डोक्यावर, कमरेपर्यंत चिखल. दोनदा पडल्या. आमच्यापर्यंत पोचायला पाऊण तास लागला. त्या पोचल्या तेव्हा मूल नुकतंच झालं होतं. मुलगी. निळी, आवाज नाही. बाईंनी तिचं तोंड साफ केलं, तोंडाने वारा भरला, पाठ चोळली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग ती रडली, मांजराच्या पिल्लाएवढं.

भरती आल्यावर दोघींना पलीकडे मोठ्या दवाखान्यात नेलं. रिद्धीचं रक्त फार गेलं, पण ती सावरेल म्हणतात. पोर काचेच्या पेटीत आहे. रडायला उशीर झाला, त्यामुळे पुढे काय ते आत्ताच सांगत नाहीत.

परवा सगळे शाळेत जमले. तपासणीचा तो कागद माहितीच्या अधिकारात मागवायचा ठरलंय. ज्याची सही असेल त्याला इथे बोलवायचं आणि विचारायचं. काकांनी सांगितलं, अर्ज हरेशकडून लिहून घ्या, त्याला कलमं माहीत आहेत. अर्ज लिहून पाठव. आता तुझी अडचण सांगू नकोस.

लोभ आहेच.
हंसाताई


फुलपाडा,
२७ सप्टेंबर २०२४

ती. ताई,

नमस्कार लिहिला नाही, कारण वाकायची लायकी राहिली नाही.

अर्ज सोबत जोडला आहे. बरोबर लिहिला आहे, कुणी फेटाळणार नाही. पण त्याची गरज नाही. त्या कागदावर सही माझी आहे.

१२ फेब्रुवारीला मला आणि आमच्या साहेबांना शिरजूला पाठवलं होतं. पलीकडच्या धक्क्यावरूनच आम्ही परत फिरलो. मी एवढंच लिहिलं आणि थांबलो तर तू समजशील की पाणी नव्हतं, होडी नव्हती, माझा नाइलाज झाला. तसं नाही. भरती होती, ताई. पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं. अल्पेशची होडी बांधलेली होती आणि तो तिच्यात बसून जाळं शिवत होता.

ऑफिसात सात वर्षं मी विरारचा आहे असं सांगत आलोय. आगाशीला आमची वाडी आहे असंही एकदा म्हणून गेलो. वाटेत गाडीत साहेब हसत होते, या चिखलातल्या लोकांना डॉक्टर कशाला, बेडूक कधी आजारी पडतात का. मीही हसलो. धक्क्यावर आलो आणि डोळ्यांपुढे आलं की आता अल्पेश मला हऱ्या म्हणून हाक मारणार, काकी मिठी मारणार, तू ओल्या हातांनी धावत येणार. आणि साहेब बघणार. तेवढ्यात सुभद्राकाकी भाजीची पाटी घेऊन होडीकडे जाताना दिसली. मी चहाच्या टपरीमागे गेलो आणि पाठ करून उभा राहिलो.

मग साहेबांना सांगितलं की ओहोटी लागतेय, गेलो तर तिकडेच अडकू. त्यांना पाणी कळत नाही. टपरीच्या बाकावर बसून मी रकाने भरले. रुग्णसंख्या नगण्य. पर्यायी सुविधा अर्ध्या तासात उपलब्ध. समक्ष भेट दिली. माझ्याच अक्षरात. मला वाटलं, एका कागदाने काय होतं, असे शंभर कागद पडून असतात.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा रिद्धी घरी होती, पोर पोटात होतं. मी सदर निर्णय वरून झाला असं लिहून पाठवलं. फेब्रुवारीपेक्षा मला त्या पत्राची लाज जास्त वाटते.

हे पत्र हवं त्याला वाचून दाखव. लोभ ठेव असं लिहायला हात होत नाही.

हरेश


शिरजू,
८ ऑक्टोबर २०२४

हरेश,

पत्र तीनदा वाचलं. मग तांदळाच्या डब्यात खाली पुरून ठेवलं.

काका रोज विचारतात, अर्ज आला का. मी म्हणते, नाही आला, टपालाचा काही भरवसा नाही. आठवडाभर खोटं बोलतेय. काल रिद्धी घरी आली. पोर अजून दवाखान्यातच. अंगात रक्त नाही, भिंत धरून चालते, तरी माझ्या दारात येऊन तिने विचारलं, हरेशदादांनी काही कळवलं का. मी तिच्या तोंडाकडे न बघता नाही म्हटलं. तू टपरीमागे लपलास, मी डब्यामागे. एकाच आईची पोरं आपण.

माझे ओले हात साहेबांनी पाहिले असते तर काय झालं असतं रे? याच हातांनी निवट्या आणि खेकडे विकून तुझी कॉलेजची फी भरली. बोलून दाखवायचं नव्हतं. आज दाखवते.

मी हे पत्र कुणाला वाचून दाखवणार नाही. ते माझं काम नाही. रविवारी वीस तारखेला शाळेत सभा आहे. भरती दोनच्या सुमाराला. तू ये आणि तुझ्या तोंडाने सांग. नाही आलास तर पुढे मला पत्र लिहू नकोस.

हंसा


शिरजू,
२२ ऑक्टोबर २०२४

चि. हरेश्वर,

सभेत बोलून झाल्यावर तू जो उठलास तो थेट होडीत जाऊन बसलास. तुझ्यामागे काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

शिव्या होतील असं मला वाटलं होतं. शिव्या झाल्या असत्या तर सोपं गेलं असतं. पांडुरंगकाका खुर्चीवरून उठले आणि खाली चटईवर जाऊन बसले. मी हरेश हरेश करत फिरलो, असं एवढंच म्हणाले. पियुष बाहेर जाऊन पंपाखाली तोंड धूत राहिला.

मग सुभद्राकाकी बोलली. तिने तुला त्या दिवशी पाहिलं होतं. पाठ असली तरी आपल्या पोराची पाठ कळते, म्हणाली. साहेबांबरोबर आलाय, त्याला आपली लाज वाटत असेल, म्हणून तिनेच पदर डोक्यावर ओढला आणि हाक न मारता होडीत चढली. घरी येऊन कुनाला सांगितला नाय, तुझ्या आईला वाईट वाटला असता, असं म्हणाली. आईला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तिला आईचंच वाटलं.

रिद्धी सभेला आली नव्हती. काकीने घरी जाऊन सांगितलं. ती काय म्हणाली ते मला माहीत नाही.

सभेने ठरवलंय, तू इथे बोललास ते ऑफिसात लिहून दे. नुसतं इथे रडून दवाखान्याचं कुलूप निघत नाही.

हंसाताई


फुलपाडा,
१४ डिसेंबर २०२४

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

जबाब सभेच्या दुसऱ्या दिवशीच लिहून दिला होता. तुला लगेच कळवलं नाही, कारण एकदा खोटा कागद लिहिलेल्याच्या कागदावर तू विश्वास का ठेवावा? आता निकाल हातात आहे म्हणून लिहितो.

मी निलंबित आहे, चौकशी चालू आहे. साहेबांनी सांगितलं की ते गाडीतच बसून होते, त्यांना काही माहीत नाही. मी वाद घातला नाही. रकाने मीच भरले होते.

नोव्हेंबरात जे नवं पथक बेटावर येऊन गेलं त्याचा अहवाल मान्य झाला. नव्या वर्षापासून केंद्र उघडेल. पण सालोमीबाई मंगळवार ते शुक्रवारच राहतील. बाकीचे तीन दिवस मी एका सहीत घालवले ते परत मिळाले नाहीत. त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागेल, मसुदा सोबत आहे. या वेळी खाली माझं नाव नको, रिद्धीचं घाला.

घरी रचना फार बोलत नाही. मनालीने एकच विचारलं, बाबा, आपण बेटावरचे हे तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं? तिलाही मी कधी नीट सांगितलं नव्हतं. शाळेत ती तुळिंजच्या मैत्रिणींना आम्ही विरारचेच असं सांगते. ते माझ्याकडूनच शिकली.

मला रिद्धीची माफी मागायची आहे. तिच्या दारात जाऊन. येऊ का, एवढं तिला विचारशील? तू म्हणशील तसं.

तुझा,
हरेश


शिरजू,
१२ जानेवारी २०२५

चि. हरेश्वर यास आशीर्वाद. वि. वि.

कुलूप सात तारखेला निघालं. आत उंदरांनी गादी फाडली होती, भिंतीला खार फुटला होता. बायकांनी मिळून झाडून पुसून घेतलं. सालोमीबाई आल्या त्या टेबलाशी बसल्याच नाहीत, आधी वजनकाटा धुवायला घेतला. पहिल्या दिवशी एकोणतीस माणसं आली. त्यात चारपाच तर नुसती बाईंना बघायला आली होती, त्यांचीही नावं मी वहीत घालायला लावली.

शनिवार ते सोमवारचा अर्ज गेला. खाली रिद्धीची सही आहे.

तिने पोरीला लशीसाठी आणलं होतं. बाळसं धरतेय पोर, हसते. डावी मूठ मात्र घट्ट मिटलेली असते, उघडली तरी पुन्हा मिटते. डॉक्टर म्हणतात, रोज तेल लावून चोळा, वर्षभर बघू. काकी चोळते, मी जाते तेव्हा मीही चोळते.

तुझं विचारणं मी तिच्यापुढे ठेवलं. तुझी बाजू घेतली नाही, जसं लिहिलंस तसं सांगितलं. तिने पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, ताई, अजून नको. रागाने नाही म्हणाली. थकलेली होती. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि तूही विचारू नकोस. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. नाही वाटलं तर नाही सांगणार.

तू मात्र ये. मनालीला घेऊन ये, तिला तिचं घर दाखव. होडीतून उतरलास की रिद्धीच्या अंगणातून येऊ नकोस. मागच्या खारबांधावरून ये. तिकडून लांब पडतं आणि चिखल आहे, पण पोरीचा हात धरून चाल.

वाट बघते.
तुझी ताई,
हंसा