ताटात पडलेलं नाव

मखमलाबाद, नाशिक
दि. ६ मार्च २०२५, गुरुवार

चिमणाअक्का यांस,

नमस्कार लिहिते, पण वाकून नाही. गुडघे गेलेत. आणि गुडघे चांगले असते तरी या वेळी वाकले नसते, हे आधीच सांगते, म्हणजे पुढं वाचताना दचकायला नको. देवळ्याचं सगळं बरं असेल. कांदा निघाला असेल. इकडं आम्ही खुशाल. शेवंती संपली, झेंडू चालू आहे, आणि मी तर लय खुशीत आहे. नातवाचं लग्न, मला दुसरं काय पाहिजे!

म्हणाल, घरात फोन असून हिला पत्राचं काय सुचलं. तर अक्का, मी तोंड उघडलं की तुमच्याकडची रेंज जाते. माझ्या सुनेशी बोलताना मात्र तासभर टिकते. म्हणून सृष्टीच्या वहीची पानं फाडली. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, तुम्हाला लागणार नाही. तुमच्या सुनेकडून वाचून घ्या. मोठ्यानं.

परवा तुम्ही फोन करून सांगितलं म्हणे, समर्थच्या होणाऱ्या बायकोचं मंजुषा हे नाव चालायचं नाही. "मंजुषा म्हंजे पेटी. सुनेला काय ए पेटी म्हणून हाक मारायची?" समर्थला जुळेल असं समृद्धी नाव तुम्ही काढून ठेवलंय. नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरायचे, तुम्ही शेजारी बसायचं आणि समर्थनं अंगठीनं तेच नाव लिहायचं. सून घाबरून गेली. तुम्हाला घाबरायला तिला मीच शिकवलं, ती चूक माझी. मंजुषा शाळेत शिकवते. समर्थला ती सरळ म्हणाली, मी नाव बदलणार नाही. हा म्हणतो, "मला काय अडचण नाही गं, पण अक्काआजीला सांगणार कोण?"

मी म्हटलं, मी सांगते. तर सांगते. तिचं नाव बदलायचं नाही.

पत्र खरं इथंच संपलं. पण पाकिटाला तिकीट लावून झालंय, तर भरूनच पाठवते.

आपली सृष्टी मानसशास्त्र शिकते, म्हणजे लोकांच्या मनाचं कॉलेज. मागच्या आठवड्यात तिनं एक कागद आणला. वीस ओळी, प्रत्येकीत आधी 'मी', शेवटी 'आहे', मधे मोकळी जागा. म्हणाली, "आजी, भरून दे, कॉलेजात द्यायचाय." मला इतका आनंद झाला! आजवर मला कागद भरायला कोणी दिला नव्हता, नुसतं इथं सही करा म्हणायचे. मी भराभरा लिहिलं. मी समर्थची आजी आहे. मी सृष्टीची आजी आहे. मी भारतची आई आहे. मी मोतीराम यांची बायको आहे. मधे चहा घेतला, परत लिहिलं.

तिनं वाचलं नि म्हणाली, "आजी, यात तू कुठंय?"

"मग ही काय शेजारीण आहे का?"

तर म्हणे परदेशातली माणसं या जागी लिहितात, मी हुशार आहे, मी शांत आहे, मी मेहनती आहे. मी म्हटलं, "स्वतःच्याच हातानं? लाज नाही वाटत?" ती हसत सुटली. म्हणाली, "आपल्याकडची माणसं स्वतःला नात्यातच बघतात, त्यात कमी काही नाही, असं आमच्या पुस्तकातच आहे." पुस्तकानं माझी बाजू घेतली म्हणून मी तिला शिरा करून घातला.

पण कागदावर सगळ्यात वर नावाची जागा होती. तिथं मी शकुबाई लिहिलं आणि पेन थांबलं. पोरीची नजर बारीक. "काय झालं? हे नाव कोणी ठेवलं गं तुझं?"

"तुझ्या अक्काआजीनं."

"का?"

अक्का, अठ्ठेचाळीस वर्षांत हा 'का' मला कोणी विचारला नव्हता. मी तिला सांगितलं ते तुम्हालाही लिहिते, बघू खोटं निघतं का. तुमच्या भावाची पहिली बायको तुमची लहानपणापासूनची मैत्रीण, तुम्हीच जुळवून आणलेली. वर्षात तापानं गेली. ती गेल्यावर आठव्या महिन्यात मी नांदगावहून आले. दुसरेपणावर देताहेत एवढं मला माहीत होतं. तिचं नाव माहीत नव्हतं, आमच्यात सगळे नुसतं 'पहिली' म्हणायचे. साऱ्या सुनांच्या ताटात नवं नाव पडतं, माझ्या ताटात जुनं पडलं. तुम्ही भावाचा हात धरून लिहून घेतलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. मला वाटलं, लाजतात.

मग भांडी घासताना बघते तर पातेल्यावर शकुबाई, तांब्यावर शकुबाई. किती हौशी माणसं, म्हटलं, आठ दिवसांत माझं नाव घातलं भांड्यांवर! विहिरीवर मिरवत गेले. शेजारच्या सुलाबाईनं मला बाजूला घेतलं. "अगं येडे, ती पहिलीची भांडी. शकू तिचं नाव." घागर तशीच ठेवून घरी आले. तुम्ही विचारलं, पाणी कुठाय? मी म्हटलं, विसरले.

नंतर सगळं तिच्यासारखं. शकू असा भांग पाडायची, शकू भाकरी अशी थापायची, शकूला शेंगोळे आवडायचे. अक्का, मला शेंगोळे आवडत नाहीत. कधीच आवडले नाहीत. तुम्ही यायच्या म्हणून मी ते केले, आणि तुमच्यासमोर बसून खाल्ले.

सृष्टी डोळे पुसत म्हणाली, "आजी, तुझी ओळख हिरावून घेतली त्यांनी." मी तिलाही दटावलं. मी काय दागिना आहे हिरावून घ्यायला? मी भारतची आई झाले ती माझी मी झाले. समर्थची आजी, ती पण मीच. ती नाती मी घाम गाळून केली, ती काही मला कोणाची उतरलेली मिळाली नाहीत. एकच जागा मला दुसरीची मिळाली, बायकोची. त्या जागेचं सृष्टीला नाही सांगितलं. तिला झोप लागली नसती. तुम्हाला सांगते. तुमची झोप गेली तरी चालेल.

अकरा वर्षांमागं यांच्या दहाव्याला तुम्ही इथं नाशकात गंगेवर साऱ्या भाऊबंदांत रडत सांगितलंत, "माझा भाऊ बायकोचं नाव घेत गेला." मी मान खाली घालून बसले. तुम्हाला वाटलं, मला भरून आलं. खरं ऐका. ते गेले त्या दिवशी सकाळचे नऊ वाजले असतील, दवाखान्यात मीच एकटी होते. ते शकू, शकू करायला लागले. मी हात धरला, म्हटलं, "अहो, मी इथंच आहे." त्यांनी डोळे उघडले. चांगले शुद्धीवर होते. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तू नाही."

त्यानंतर बोलले नाहीत.

त्यांचा मला राग नाही. त्यांनी मला दुखेल असं आयुष्यात तेवढंच म्हटलं, आणि तेही खोटं नव्हतं. राग तुमचा आहे. माझं नाव माझंच राहू दिलं असतं, तर त्यांनी त्या दिवशी तिला हाक मारली असती आणि मी ती ऐकून नुसतं पाणी पाजलं असतं. तुम्ही तिच्या हाकेला 'ओ' द्यायला मला बसवलं.

तुमची मैत्रीण गेली, तोंडातली हाक तुमच्यानं सोडवेना, एवढं मला आता कळतं. कळलं म्हणून माफ केलं असं समजू नका.

लग्नाला या. भारत गाडी घेऊन येईल, मानाची साडी आणून ठेवलीय, चांगली आहे. ताटही ठेवणार आहे. सृष्टी म्हणाली, नाव बदलायचं नाही तर ताट कशाला? हौस आहे मला! समर्थ त्यात मंजुषा लिहील. पेटी तर पेटी. तुम्ही समोर बसून बघायचं. तुमच्या तोंडून दुसरं नाव निघालं, तर तुमचा भाऊ शेवटी काय बोलला ते मी तिथंच, तुमच्या देवळ्याच्या पाहुण्यांदेखत सांगेन. माझी अब्रू जाईल म्हणाल. जाईल ती शकुबाईची जाईल.

आईबापांनी सप्तशृंगीला साकडं घालून मला मागून घेतलं होतं, त्यावरून त्यांनी नाव ठेवलं. लग्नपत्रिकेत तुम्ही ते एकदा वाचलं असेल. खाली लिहिते आहे. पहिलं अक्षर दोनदा गिरवावं लागलं.

लोभ पूर्वी होता तेवढाच असू द्या. नसला तरी माझं अडत नाही.

नवसाबाई

ता. क. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी शकुबाईच लिहिलंय. नवसाबाईचं पत्र तुम्ही उघडलं नसतं.