राणीची चाल

बाबा,

नमस्कार मागाहून करते, आधी खरं सांगते. दर आयतारी मी मैत्रिणीकडे नाही, डिचोलीला अभिनयाच्या क्लासला जाते. तुमच्या दशावतारात राण्याही तुम्ही पुरुषच होणार, मग मी शिकायचं कुठे?

पण क्लास अगदीच फुसका निघाला. महिनाभर नुसतं मोबाइलसमोर उभं राहून नाव, उंची सांगायची आणि डावा-उजवा गाल दाखवायचा. काल कुठे सर म्हणाले, "आता बाईसारखी चालून दाखव." मी पदर सावरला, मान किंचित कलती केली आणि चालले. सगळी पोरं हसली.

सर म्हणाले, "पुरुषाने बाईचं सोंग घ्यावं तशी चाललीस. कुठून उचललंस हे?"

लहानपणापासून पडद्याआडून तुमचीच राणी बघत आले. तिला बघून पेडण्यातल्या बायका डोळ्यांना पदर लावतात, हे त्या सरांना काय ठाऊक!

रागारागाने घरी आले, तर आई दिवा घेऊन तुळशीकडे निघालेली. मान तश्शीच कलती, पदरावर हात तस्साच.

बाबा, तुम्ही तिची चाल उचललीत, की जत्रेत तुम्हाला बघून बघून ती तशी चालायला लागली? तिला विचारलं, तर "गप गे" म्हणत लाजली. तुम्हाला विचारायचं, तर क्लासचं कळेल. म्हणून हे पाठवत नाही.

पण सिंधुदुर्गातले प्रयोग आटोपून याल, तेव्हा अंगणातून येताना नीट बघणार आहे. साडी नसताना तुम्ही कसे चालता, ते मी कधी लक्ष देऊन पाहिलंच नाही.

तुमची,
अक्षता