दारावर चिकटवलेला बाण

ती. वन्सं यांस,

तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? (डावा. उजव्याची चौकशी मागच्या फोनवर झाली.) मांजरीला पिल्लं झाली का, आणि झाली असतील तर ती या खेपेला तरी तुमच्या कपाटात नाहीत ना? आम्ही इकडे सगळे ठीक.

फोनवर तुम्ही विचारलंत, की सारा जन्म शाळेच्या ऑफिसात कारकुनी केल्यावर आता पन्नाशीला विद्यापीठात चित्रं काढायला जायचं काय अडलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच उत्तर दिलंत आणि फोन ठेवलात. म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

पहिली गोष्ट, ही चित्रं नव्हेत. ग्राफिक डिझाइन म्हणजे कुठलं अक्षर केवढं, कुठे आणि कोणत्या रंगात असलं म्हणजे माणसाला पटकन कळेल, हे ठरवायची विद्या. (तुमच्या खोकल्याच्या बाटलीवर कंपनीचं नाव हत्तीएवढं आणि 'दोन चमचे' मुंगीएवढं असतं ना? ते करणारा आमच्याकडे नापास होईल.) पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर सगळी मुलं उठून उभी राहिली. सवयीने मी "बसा, बसा" म्हणाले. ती बसली, वह्या काढल्या आणि माझ्याकडे बघू लागली. मी गुपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसले तर माना वळवून तिकडे बघू लागली. मग खरोखरचे सर आले, तेव्हा एकही उठलं नाही.

या सरांना मुलं 'कोरे सर' म्हणतात. आडनाव वेगळंच आहे, पण त्यांचं सगळं शिकवणं 'कागद कोरा सोडा' या तीन शब्दांत मावतं. माझ्या पहिल्या पोस्टरला मी चारी कोपऱ्यांत वेली काढल्या, भोवती नक्षी काढली आणि तरी जागा उरली म्हणून मध्ये एक पोपट बसवला. सर ते बघून म्हणाले, "बाई, या पोपटाला श्वास घ्यायला जागा आहे का?" आता वन्सं, आपल्या घरात रिकाम्या कोपऱ्यात स्टूल ठेवतात, रिकाम्या स्टुलावर फुलदाणी आणि रिकाम्या फुलदाणीत पेनांची टोपणं. मोकळी जागा सोडायची म्हणजे मला गॅस चालू ठेवून बाहेर पडल्यासारखं वाटतं.

पण खरी फजिती झाली ती इस्पितळात. (घाबरू नका, मला काही झालेलं नाही.) तिथे आलेली माणसं वाट चुकतात, म्हणून पाट्या आणि बाण करून द्यायचं काम आमच्या वर्गाला मिळालं. माझ्या जोडीला एक चष्मेवाली मुलगी होती. कॉम्प्युटरवर तिची बोटं अशी पळतात की बघताना मला धाप लागते. ती मला काकू म्हणते आणि मी चुकले की 'अहो काकू' म्हणते. आमच्या वाट्याला रक्त तपासणीची खोली आली. कागदाचे बाण करून आम्ही भिंतीभिंतीवर चिकटवले. शेवटच्या वळणावर भिंत खडबडीत होती, कागद टिकेना, म्हणून मी तो शेजारच्या गुळगुळीत दारावर लावला. छान बसला. दोघी चहाला गेलो.

दार उघडतं, वन्सं. दारं उघडण्यासाठीच असतात. कुणीतरी ते उघडून ठेवलं, आणि डावीकडे दाखवणारा बाण दारासकट फिरून भलतीकडेच दाखवू लागला. तिकडे इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचं ऑफिस. बाई फेरी संपवून परतल्या तर आपल्याच दारासमोर ही लांब रांग, आणि रक्त द्यायला आलेला प्रत्येक जण बाह्या सरसावून उभा! बाईंना वाटलं, लोक भांडायला आलेत. हात जोडून त्या म्हणाल्या, "तुमचं काय गाऱ्हाणं असेल ते एकेकाने सांगा." तर पहिल्याच आजोबांनी दंड पुढे केला आणि म्हणाले, "हळू टोचा."

पुढचं काय सांगू! आम्हाला बोलावणं आलं. बाण उतरवा, आणि पुन्हा असं झालं तर पुऱ्या वर्गाची परवानगी रद्द. चष्मेवाली जिन्यात बसून रडायला लागली. आपल्या एका बाणापायी सगळ्या वर्गाचं काम बुडणार, या विचाराने मीही तिच्या शेजारी पायरीवर बसले. वाटलं, तुम्ही म्हणता तेच खरं, गपचूप घरी बसावं. पण ती पोर नाक पुसत म्हणाली, "काकू, तुम्ही सोडून गेलात तर मी पण जाणार." आता दुसऱ्याच्या लेकीचं शिक्षण कसं बुडवू?

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही काहीच चिकटवलं नाही. नुसत्या बाकावर बसून राहिलो, माणसं कुठे थबकतात ते बघत. तेव्हा कळलं, की खोलीच्या जुन्या पाटीवर 'विकृतिशास्त्र विभाग' लिहिलंय. लोक ती वाचायचे आणि पायाला पाय लावून पळायचे. (एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "चल, आपल्यात तसलं काही नाही.") मग नवी पाटी केली. चष्मेवालीला अक्षरं नाजूक हवी होती, मला ढब्बू. त्यावरून आमचं चांगलं वाजलं. शेवटी मी तिचा चष्मा काढून घेतला आणि म्हटलं, "आता वाच." तिने पाटीला नाक लावलं आणि अक्षरं ढब्बू केली. पांढऱ्या पाटीवर फक्त 'रक्त तपासणी', खाली बाण आणि भोवती मोकळी जागा. वेल नाही, पोपट नाही. हात शिवशिवत होते, पण सोडली मी जागा. पाटी वळणावरच्या छताला टांगली. (छत उघडत नाही, हे आधी बघून घेतलं.)

थोड्या वेळाने काठी टेकत एक म्हातारी आली. थांबली, मान वर केली, एकेक अक्षर मोठ्याने वाचलं आणि कुणाला काही न विचारता डावीकडे वळली. वन्सं, शाळेत मी हजारो कागद टाइप केले, पण माझं लिहिलेलं वाचून कुणी असं निर्धास्त चालत गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. डॉक्टरीणबाई मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "ही काढू नका. अशाच सगळ्या खोल्यांना करून द्या."

तेव्हा माझं ठरलं आहे, चारही वर्षं पुरी करायची. शिकायला वय नसतं, हे मी छातीठोकपणे सांगते. मांजरीला कुरवाळा, गुडघ्याला जपा.

तुमची, वयाने पन्नाशीची आणि इयत्तेने पहिलीतली,
भावजय

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. तुमच्या बंधूंनी पुढच्या वर्षी याच अभ्यासक्रमाला यायचा अर्ज भरला आहे. या वयात शोभतं का हे? तुम्ही थोरल्या, तुमच्यापुढे त्यांची मान वर होत नाही. चांगलं खडसावून सांगा. (माझं नाव मध्ये येऊ देऊ नका.)

ता. क. दुसरा : प्रवेश परीक्षेसाठी त्यांनी केलेलं पोस्टर मी चोरून पाहिलं. चांगलं आहे हो. म्हणूनच म्हणते, लवकर बोला.