बारीक धार

३ मार्च, मंगळवार
बाथरूमच्या नळाला पुन्हा करंगळीएवढी धार! बादली भरेपर्यंत माणूस म्हातारा होईल. मी एक वेळ थांबेन, पण अण्णांचं काय? कमरेच्या ऑपरेशनपासून वडिलांना स्टुलावर बसवून मीच अंघोळ घालतो. पाणी साठेपर्यंत बिचारे टॉवेल गुंडाळून बसतात.

स्वयंपाकघरात नळ धो धो वाहतोय. म्हणजे टाकी निर्दोष.

४ मार्च
शॉवरची जाळी व्हिनेगरमध्ये भिजवली, नळाचं तोंडही घासलं. पांढरा थर निघाला. धार जैसे थे! बायको म्हणाली, नळाचं माहीत नाही, पण आपली नाकं साफ झाली.

बादली भरेपर्यंत अण्णांची टकळी चालू होती. एरवी दिवसभर मौनी बाबा! आज आईला सायकलवर डबलसीट घेऊन चढ चढल्याची गोष्ट. ती बिचारी मध्येच उतरून चालायला लागली, आणि हे आपले खूश — काय ताकद आलीय पायांत! मला हसू आवरेना. ऑफिसला उशीर झाला.

५ मार्च
प्लंबर आला. भिंतीतला कॉक अर्धा बंद होता, बस्स! काखेत कळसा नि गावाला वळसा. कुणी फिरवला? मुलीला दरडावलं. ती नाही नाही म्हणत होती, मी ऐकलं नाही.

६ मार्च
अंघोळ चुटकीसरशी. अण्णा म्हणाले, झालीसुद्धा? त्यांना खुर्चीत बसवून पळालो. आज वेळेवर पोचलो.

७ मार्च
पुन्हा बारीक!! प्लंबर फोनवर म्हणाला, कॉक आतून झिजला असणार, सोमवारी बदलू.

ताईचा फोन. अण्णांचे हाल कशाला, आमच्याकडे पाण्याला चांगला जोर आहे, उद्या गाडी पाठवते. हो म्हटलं. अण्णांना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. बायको त्यांची बॅग भरतेय. मला वाईट वाटतंय, पण त्यांच्याच सोयीचं आहे.

८ मार्च, सकाळ
निघण्याआधीची अंघोळ. कॉक मी स्वतः पूर्ण उघडला होता. साबण आणायला बाहेर गेलो आणि परत आलो तर अण्णांचा हात भिंतीवर. कॉक स्टुलावरून बरोब्बर हाताशी येतो. हळूहळू फिरवत होते. मला पाहून चोरी पकडल्यासारखी मान खाली.

"मोठ्या धारेनं लगेच आटपतं रे," म्हणाले. "मग तू जातोस."

दुसरी बादली पालथी घालून तिच्यावर बसलो. चढावर आई उतरलीय हे तुम्हाला कळलं तरी कधी, म्हणून विचारलं.

८ मार्च, दुपार
मुलीची माफी मागितली. प्लंबरला कळवलं, येऊ नकोस. ताईची गाडी रिकामी परत गेली.

उद्यापासून गजर अर्धा तास आधीचा.