सोमवारचा डबा

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सिनेमा पूर्ण झाला. पुढच्या महिन्याच्या सव्वीस तारखेला लागतोय, पहिल्या खेळाला तू यायचंस. गाणी नाहीत, मारामारी नाही. कुणाशी न बोलणारा नऊ वर्षांचा मुलगा आणि खिळे-स्क्रू विकणारा म्हातारा, एवढीच गोष्ट. मुलगा कोण ते तुला सांगायला नको.

म्हाताऱ्याला नीट दिसत नाही. पहिल्याच प्रसंगात त्याच्या हातून स्क्रूंचा डबा रस्त्यावर सांडतो, मुलगा गोळा करून देतो आणि मग रोज दुपारी मापाप्रमाणे निवडायला बसतो. आपल्या गावच्या त्या दुकानवाल्या आजोबांचं तसंच तर व्हायचं. मी निवडून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळा काला.

अडचण अशी, की शेवटी मला त्यांच्या दुकानाचा खरा फोटो दाखवायचाय, पाटीसकट. त्यांच्या मुलीला सिनेमाची प्रत पाठवली होती. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, की हे माझे वडील नव्हेत, फोटो वापरू नये. तू लग्न करून पुन्हा त्याच गावात गेलीस, त्याचा मला आज पहिल्यांदा उपयोग होतोय. तेवढं तिला समजाव.

फोटोवाचून सिनेमा अडणार नाही, पण माझं अडेल. त्या वर्षी आई दवाखान्यात, बाबा कामावर, तू टायपिंगच्या क्लासला. माझ्यावाचून ज्याचं अडत होतं असा जगात तो एकच माणूस होता.

लोभ आहेच, तो या कामापुरता जरा वाढव.

तुझा,
घुम्या

११ ऑगस्ट

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

जाऊन आले. दुकानाच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीवाला बसतो, मुलगी वरच्या मजल्यावरच राहते. तिने चहा दिला, बिस्किटं दिली, परवानगी दिली नाही. वडील ऐंशीव्या वर्षापर्यंत सुईत दोरा स्वतः ओवत, म्हणाली. त्यांना आंधळा, धांदरट केलेलं तिला बघवत नाही.

ती खरं बोलते आहे. एकतीस वर्षं मी तोंड शिवून बसले, आता सांगते. तुला घरात कोंडून क्लासला जाताना माझा जीव थाऱ्यावर नसायचा. म्हणून आजोबांकडे गेले आणि म्हटलं, याला दुपारी पायरीवर बसू द्या. ते म्हणाले, बस म्हटल्याने असा मुलगा बसत नाही, त्याला काम लागतं. दुसऱ्या दिवशी तुझ्या यायच्या वेळेला त्यांनी डबा रस्त्यावर उपडा केला. पुढे रोज सकाळी, तू निवडलेलं सगळं ते एकत्र ओतायचे आणि डबा हलवायचे. मी दूध आणायला जाताना बघितलं, तर माझ्याकडे पाहून तोंडावर बोट ठेवलं.

रागावशील हे ठाऊक आहे. रागावून झालं की जेव.

तुझ्यावरचा लोभ आहे तेवढाच आहे, त्यात काटछाट नाही.

तुझी,
ताई

१६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. म्हणजे मी कुणाच्या उपयोगाचा वगैरे नव्हतो. माझी सोय लावली होती, आणि ती तू लावलीस. इतकी वर्षं मी लोकांना ऐटीत सांगत आलो, की त्या माणसाला माझी गरज होती. चांगलीच शोभा झाली.

तिला म्हणावं, फोटो राहू दे.

जेवलो. लोभाचं या खेपेला काही लिहीत नाही.

घुम्या

२४ ऑगस्ट

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

तुझं रागाचं पत्र मी तिला जाऊन वाचून दाखवलं. जेवलास हे ऐकून ती हसली. मग आत गेली आणि एक डबा घेऊन आली. तो वेगळ्या पार्सलने पाठवते आहे, जड आहे, पायावर पाडून घेऊ नकोस.

बाबांची बदली झाली तेव्हा आपण रविवारी सकाळी निघालो. दुकान बंद होतं. आजोबांना सांगून यायचं काम माझं होतं, ते बांधाबांधीत राहून गेलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं. त्यांनी सोमवारचा डबा नेहमीसारखा मिसळून ठेवला होता. तो फळीवर तसाच राहिला. मुलगी निवडायला बसली की ते तिच्या हातातून काढून घ्यायचे, म्हणायचे, ज्याचं काम आहे तो करील. दुकान विकलं, पण हा डबा विकू दिला नाही.

त्यांना तुझी गरज होती की नव्हती, ते आता तू ठरव.

पहिल्या खेळाला मात्र मी येत नाही. गुडघे कुरकुरतात, आणि तुमच्या त्या मोठ्या लोकांत माझं काय काम?

राग ओसरला असेल तर लोभाची ओळ लिहीत जा.

तुझी,
ताई

१५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डबा पोचला. दोन दिवस तो टेबलावर होता आणि मी त्याच्याभोवती फिरत होतो. मग नटाला परत बोलावून एक प्रसंग नव्याने घेतला. आजोबा रस्त्याकडे बघतात. कोपऱ्यावर दप्तर दिसतं. ते चष्मा काढून खिशात ठेवतात, झाकण सैल करतात आणि डबा उपडा करतात. बाकी सिनेमा आहे तसाच आहे, पण आता तो दुसराच झालाय. प्रत मुलीकडे पाठवली. पुन्हा एकच ओळ आली, की हे माझे वडील, फोटो वापरावा.

काल दुपारी जमिनीवर बसून डबा निवडला. स्क्रू गंजलेत, पण मापं बोटांना अजून कळतात. शेवटची मूठ हातात घेतली आणि रडू आलं. मी त्यांना शेवटपर्यंत वाट बघायला लावली, ताई.

तुझं इथे काय काम, असं विचारलंस. निवडलेलं सगळं मी आज सकाळी पुन्हा एकत्र ओतलंय आणि चांगलं हलवलंय. माझ्याच्याने एकट्याने होत नाही, हल्ली मला नीट दिसत नाही. पंचवीसला दुपारपर्यंत पोच.

लोभ आहे. तो घ्यायला तू स्वतः यायचंस.

तुझा,
घुम्या